अमेरिकावाल्याचा घास

दिवाळी तोंडावर आली की यवतमाळात आमच्या लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या बाभळी म्हाताऱ्या होतात. कापसानं शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर जिनिंगकडे जातात आणि जाता जाता फांद्यांना घासून थोडा थोडा कापूस मागं सोडतात. विजेच्या तारांवर, रस्त्याकडेच्या कण्हेरीवर, पाणीपुरीच्या गाडीच्या छपरावर, जिकडेतिकडे पांढरं. माझ्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांनाही ते तंतू चिकटतात. शेजारच्या बाई दरवर्षी वैतागतात, "या कापसानं नुसता जीव नकोसा केला हो." त्यांचं माहेर नाशिककडचं, द्राक्षांचं. त्यांना कापूस धुळीसारखा वाटतो, यात त्यांची काही चूक नाही.

वाऱ्याची दिशा बदलली की वास येतो. सरकीचा, तेलकट, किंचित कुबट, आणि त्यात तापलेल्या रबरी पट्ट्यांचा. हा वास बापूंच्या सदऱ्याला यायचा. यंदा तो आला आणि मी गॅलरीत बादलीशेजारी बसून रडले. चांगली दोन मुलांची आई मी, शाळेत पोरांना दरडावणारी बाई, आणि हातात ओला टॉवेल घेऊन हुंदके देत होते. बापू उन्हाळ्यात गेले. त्यांच्यावाचून आलेला हा पहिला हंगाम.

माझं माहेर घाटंजीजवळच्या एका बंजारा तांड्यातलं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. पुढं तो धंदा बसला, बैल विकले गेले, आणि तांडा जिथं थांबला तिथंच नांगर धरून उभा राहिला. घरात आम्ही गोरबोली बोलतो. आईला याडी म्हणतो. पण सगळं गोरबोलीत लिहिलं तर वाचणाऱ्यांची पंचाईत व्हायची, म्हणून आमची बोलणी मी इथं वऱ्हाडीत मांडते. तीही आमचीच, बाजाराची आणि शेजारपाजारची.

बापू, म्हणजे माझे वडील रामधन, घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये रेचे चालवायचे. कापसातून सरकी वेगळी करणारी ती यंत्रं. तिथल्या कामगारांच्या संघटनेचे ते पुढारीही होते. पुढारी म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढं पांढरी गाडी येते. बापूंकडे सायकल होती आणि तिची चेन दर आठवड्याला पडायची. गळ्यात लाल गमछा. भाषण करताना ते एक हात कानाला लावायचे, कारण रेच्यांच्या आवाजानं तो कान गेला होता आणि आपलाच आवाज त्यांना नीट ऐकू यायचा नाही. समोरच्यांना वाटायचं, बापू आता गाणंच म्हणणार. त्यांचे जिवाभावाचे सोबती नारायणकाका, त्याच जिनिंगमधले, सभेत हमखास ओरडायचे, "रामधन, सूर लागला असन तं बोल आता!" लोक हसायचे, बापूही हसायचे आणि मग बोलायला लागायचे. तसं बोलणं मी नंतर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. बाप म्हणून सांगत नाही.

हंगामात आमचं घर घर राहायचं नाही. शेतातला वेचलेला कापूस भाव येईतो पुढच्या खोलीत साठवायचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत गंजी, छताला टेकलेली. आम्ही दोघं भावंडं, मी आणि माझा थोरला भाऊ गजू, त्या गंजीवर झोपायचो. सुरुवातीला लय गंमत. बुडून जायचं, नाकातोंडात तंतू जायचे, शिंकायचं, परत उडी मारायची. मग पौषाच्या सुमाराला अंगाला खाज सुटायची, लाल पुरळ उठायचं. याडी खोबरेल तेल चोळायची आणि कापसाला शिव्या द्यायची. आजही कुणी मऊ गादीचं कौतुक केलं की माझा हात आपोआप मानेकडे जातो.

त्या घरात अमेरिकावाला कुठून आला, ते सांगते. लग्नाआधी बापू वणीकडं, राजूरला कोळशाच्या खाणीत काही वर्षं होते. तिथं एक म्हातारा कामगार पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर पोरांना जगभरच्या कामगारांच्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक बापूंच्या जिवाला लागली ती लागलीच. अमेरिकेतल्या एका पुढाऱ्याची. त्याचं नाव लांबलचक. बापू ते नीट घ्यायचे, पण तांड्यात सगळे त्याला अमेरिकावालाच म्हणत. कापसाच्या गंजीवर पाय पसरून बापू ती गोष्ट सांगायचे.

"पाह्य सुनी, तो लहानपनीच रेल्वेत लागला. इंजिनात कोळसा टाकाचा. मंग त्यानं पाह्यलं का इंजिनवाल्याईची संघटना येगळी, डब्बेवाल्याईची येगळी, आन् झाडूवाल्याले तं कोनी इचारतच नाई. मालक एकाले चुचकारते, दुसऱ्याले हाकलते. तो म्हने, सगळ्याईची एकच करू. केली. गाड्या उभ्या केल्या जागच्या जागी. सरकारनं उचलून तुरुंगात टाकलं."

"मंग?"

"मंग काय, तुरुंगात बसून पुस्तकं वाचली आन् समाजवादी होऊन बाहीर आला."

"समाजवादी म्हंजे काय, बापू?"

बापू थोडा विचार करायचे. "पंगत बसली का वाढप्यानं शेवटच्या पानाले पयले पाहाचं. बस, तेच."

गजू माझ्यापेक्षा मोठा, त्याला मारामारी हवी असायची. "पोलिसानं त्याले मारलं का? तो पळाला का?" बापू म्हणायचे, "पळाला नाई रे. तेच तं हाये." राजूरच्या म्हाताऱ्यानं किती सांगितलं होतं आणि बापूंनी किती जोडलं, देव जाणे. पुढं कॉलेजात मी त्या माणसाविषयी थोडंफार वाचलं. बरंचसं खरं निघालं. तो केव्हाच वारला होता, आणि त्याच्या देशात आता त्याला किती जण आठवत असतील कोण जाणे. आमच्या तांड्यात मात्र दरवर्षी त्याचं नाव घेतलं जायचं, तेही चुलीपुढं बसून.

आमच्यात दिवाळीला धबुकार देतात. घरातला कर्ता पुरुष चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप घातलेल्या लापशीचा घास टाकतो आणि मागं गेलेल्या वाडवडलांची नावं घेतो. एक नाव, एक घास. तूप चर्रकन जळतं, धूर वर जातो, आणि सगळे हात जोडतात. परक्याचं नाव त्यात कधी येत नाही. येऊच शकत नाही, कारण तो घास रक्ताचा असतो. बापू आजोबांचं नाव घ्यायचे, पणजोबांचं, खापरपणजोबांचं, आणि मग एक घास त्या अमेरिकावाल्याला द्यायचे. अगदी सहज, काही वेगळं करतोय असा चेहराही न करता.

एकदा तांड्याचे नायक, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, नेमके त्या वेळी घरी आले होते. त्यांनी हे ऐकलं आणि त्यांचं डोकं फिरलं.

"रामधन, तुले लाज हाये का? आगगाडी आली म्हून आपले बैल बसले. आगगाडीनं आपल्या बापजाद्याईचं पोट मारलं, आन् तू आगगाडीवाल्याले घास देतं? धबुकारात?"

याडीनं पदर तोंडाशी धरला. बापूंनी हातातला घास खाली ठेवला नाही.

"काका, आगगाडीनं नाई मारलं. आगगाडीच्या मालकानं मारलं. हा तं मालकाच्या उलट उभा होता. आपल्यातलं कोनी उभं राह्यलं असतं तं त्याचं नाव घेतलं असतं मी. नाई राह्यलं कोनी. म्हून याचं घेतो."

नायकांनी काठी आपटली आणि ते निघून गेले. बापूंनी घास निखाऱ्यावर सोडला. तूप चर्रकन जळलं. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आजही त्या क्षणाची आठवण आली की छाती भरून येते.

गजूनं मात्र वेगळाच अर्थ लावला होता, आणि आमच्या घरात वाढलेलं पोरच तसा लावू शकतं. धबुकारात फक्त आपलीच माणसं येतात, मग अमेरिकावाला आपलाच. त्यानं मनाशी धरलं होतं की आमचा कुणी पणजोबा बैल लादून निघाला, हिंडत हिंडत अमेरिकेत पोचला आणि तिकडंच राहिला. शाळेत गुरुजींनी घरातल्या थोर माणसाविषयी बोलायला सांगितलं, तेव्हा गजू उठून ऐटीत म्हणाला की आमचे पणजोबा अमेरिकेत रेल्वेचे पुढारी होते. वर्ग फुटला हसून. गुरुजीही हसले. त्या दिवसापासून पोरं त्यालाच अमेरिकावाला म्हणायला लागली.

तो घरी येऊन बापूंना म्हणाला, "तो आपला नव्हता?" बापूंनाही हसू आवरलं नाही. त्याला जवळ ओढून म्हणाले, "आपला नाई तं कोनाचा मंग?" गजू हसला नाही. त्यानं बापूंचा हात खांद्यावरून काढला. मला ते आठवतं, कारण तसं करताना मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. घरात एखादी गोष्ट तुटते तेव्हा आवाज होतोच असं नाही.

आता त्या हंगामाकडे येते. टाळत होते, पण तो टाळून काही सांगता येत नाही.

मी बारावीला होते, गजू शिक्षण सोडून ट्रॅक्टर चालवायला लागला होता. दिवाळी नुकतीच झाली होती, जिनिंग दिवसरात्र धडधडत होती. तिथं बाया कापसातली पत्ती आणि कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचायला बसत. त्यातल्या गंगामावशीचा पदर एका दुपारी यंत्राच्या उघड्या पट्ट्यात गेला, पदरामागं हात गेला. कोपरापासून गेला. बापूंनी पट्टा थांबवला तोवर व्हायचं ते झालं होतं. ते घरी आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला सरकीचा वास नव्हता. याडीनं तो सदरा परत कधी धुतला नाही, परसात नेऊन जाळला.

संघटनेची मागणी एकच होती, पट्ट्यांवर लोखंडी जाळी बसवा. पगाराचं काही नाही, सुट्टीचं काही नाही. जाळी. मालकाकडच्या माणसांनी सांगितलं, हंगाम संपला की पाहू. बापू म्हणाले, हंगाम संपला की पट्टाच बंद राह्यते, जाळी कायले? आणि संप झाला. रेचे थांबले. घाटंजीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाजारात माणसं आपोआप हळू बोलायला लागली.

पण कापूस काही थांबत नाही. फाटकाबाहेर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली. बैल तिथंच जुंपलेले, माणसं बंडीखाली झोपलेली. आणि त्या बंड्यांमध्ये आमच्याच तांड्याच्या बंड्या होत्या. संपावर बसलेला माणूस तांड्यातला आणि रांगेत ताटकळलेला कापूसही तांड्यातला. कित्येक घरांत तर एकाच ताटात जेवणारे दोघं भाऊ दोन बाजूंना होते. कापूस घरात पडून पडून पिवळा पडायला लागला. लोक रस्त्यात बापूंना अडवायचे. "रामधन, तुह्या जाळीपायी आमचा जीव घेतं का?" बापू उभे राहून ऐकून घ्यायचे, कानाला हात लावून. सांगायचे, "गंगाचा हात गेला. उद्या तुह्या बायकोचा जाईन." लोक पुढं निघून जायचे.

घरात तर रोजचीच आग. गजू म्हणायचा, "तुले घर दिसत नाई, अमेरिका दिसते." बापू त्याला उत्तर देत नसत. एकदाच म्हणाले, "गजू, तू हो बाजूले. पन उलट नोको होऊ." गजू तणतणत निघून गेला आणि रात्री घरी आला नाही. मालकाच्या माणसांनी त्याला मुकादम करायचा शब्द दिला होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

त्या सकाळी मी बापूंची भाकर घेऊन फाटकाशी गेले होते. थंडी होती, संपावरची माणसं शेकोटीभोवती बसली होती. नारायणकाका कुणाची तरी टर उडवत होते. तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत तांड्यातली पोरं, तोंडाला दुपट्टे बांधलेली, काम चालू करायला आणलेली. बापू उठले आणि फाटकासमोर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. आदल्या दिवशीच त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की आत जाणारी गाडी माझ्या अंगावरून जाईल. बाकीचे त्यांच्या मागं उभे राहत होते. ट्रॅक्टर जवळ आला आणि दिसलं, चालवणारा गजू आहे.

मी रस्त्याच्या कडेला होते, भाकरीचं फडकं छातीशी धरून. बापू हलले नाहीत. ट्रॅक्टर येतच होता. आणि मग अगदी शेवटच्या घटकेला बापू बाजूला झाले. दोन हात फैलावून मागच्या माणसांनाही त्यांनी रस्त्यावरून लोटलं. ट्रॅक्टर आत गेला. फाटक लागलं. थोड्या वेळानं रेचे धडधडायला लागले.

मग नारायणकाकांनी गळ्यातला लाल गमछा काढला, शेकोटीजवळ टाकला आणि म्हणाले, "बाप लेकरासाठी विकला." बापूंना ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या चांगल्या कानाची बाजू माझ्याकडे होती.

संप तिथंच मोडला. बापूंचं नाव सोबतच मोडलं. सगळीकडे एकच बोललं गेलं, की बापलेकांनी मिळून ठरवलं होतं, बाप बाहेर ओरडला आणि पोरगा आत शिरला. गजू मुकादम झाला त्यामुळं त्यावर शिक्काच बसला. मी कॉलेजात भांडायचे, बसमध्ये भांडायचे. "बापाचं काळीज होतं, म्हणून झाले बाजूला," असं म्हणायचे. मला तेच वाटत होतं. लेकराच्या प्रेमानं माणूस डगमगला, एवढंच. त्यात विकण्यासारखं काय आहे? पण ते कुणाला पटायचं नाही, आणि खरं सांगू, डगमगला हा शब्द मलाही टोचायचा.

पुढच्या दिवाळीला बापू चुलीपुढं बसले. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. मग हात पुसला आणि उठले. मी म्हटलं, "बापू, अमेरिकावाला राह्यला ना." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याले कोन्या तोंडानं देऊ, पोरी?" त्यानंतर तो घास कधीच पडला नाही.

जाळी पुढं बसली. कुण्या साहेबाची भेट ठरली होती, त्याआधी घाईघाईनं बसली. बापूंना ते कुणी येऊन सांगितलंही नाही. ते तांड्यातच असायचे, नातवंडांना सांभाळायचे, शेतावर जायचे. गजूचा पसारा वाढत गेला. आता लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तो कारखान्यांना माणसं पुरवतो. बापू त्याच्याच घरी राहिले. त्याच्याविषयी वाकडा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मयतीला जिनिंगमधली जुनी माणसं फार कमी आली. नारायणकाका आले, पण लांब, कडुनिंबाखाली उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी मान वळवली. सबंध उन्हाळा मला दुसरं काही आठवत नव्हतं, फक्त ती वळलेली मान.

यंदा धबुकाराला मी मुद्दाम माहेरी गेले. गॅसवर सगळा स्वयंपाक होतो आता, निखारे परसातल्या चुलीत करावे लागतात. गजू बसला. केस पांढरे झालेत त्याचे. आजोबांचं नाव घेतलं, पणजोबांचं घेतलं, आणि त्याच दमात "रामधन" म्हणाला. घास पडला, धूर वर गेला. इतकं सोपं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आन् अमेरिकावाल्याचा?" गजू निखाऱ्यांकडे बघत राहिला. "तो आपला कोन होता?" मी तिथून उठले ते दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

भाऊबीज झाल्यावर गजूच मला यवतमाळला सोडायला निघाला. याडीला डोळे दाखवायचे होते, म्हणून ती मागच्या सीटवर. लोहाऱ्याच्या अलीकडे गाड्या अडल्या. पुढं कापसाच्या ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग. गजूनं इंजिन बंद केलं, काच खाली केली. तो वास आत आला. आणि मग समोर बघतच गजू म्हणाला,

"सुनी, मी ब्रेक नव्हता दाबला."

मला आधी कळलंच नाही.

"त्या दिवशी. तुले वाट्टे बापू घाबरला, नाई तं माया आली त्याले. तो हलला नव्हता. उभाच होता. मंग त्यानं माह्या पायाकडं पाह्यलं. तोंडाकडं नाई, पायाकडं. पाय रेसवर होता माह्या. मी दाबूनच राह्यलो होतो. त्याले दिसलं का हा थांबत नाई. तवा तो झाला बाजूले." त्यानं स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. "त्यानं कोनालेच नाई सांगतलं. मलेबी इचारलं नाई कधी. मले वाट्टे त्याले समजलंच नसन. असंच म्हनत आलो मी मनाले."

"समजलं होतं," मागून याडी म्हणाली.

आम्ही दोघंही वळलो. ती खिडकीबाहेर बघत होती, जिकडं तिला काही दिसत नाही.

"त्याच दिवशी सांगतलं त्यानं मले. म्हने, मी मेलो असतो तं मेलो असतो. पन पोट्टा बापाचा खुनी झाला असता, माहीत झालं असतं साऱ्या मुलखाले. त्यापरीस मले विकला म्हनू दे. तुले शपथ हाये म्हने, पोराईले सांगू नोको."

गजूचा आवाज फुटला. "तुले माहीत होतं? आन् तू मले जेवू घालत राह्यली?"

"मंग काय करू?" याडी म्हणाली. "दोघंबी माह्येच होते."

पुढचा ट्रॅक्टर सरकला. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. गजूला इंजिन चालू करता येईना. मला त्याला मारावंसं वाटलं. मनातल्या मनात मी त्याला तिथंच गाडीबाहेर ओढून मारलं, इतका राग माझ्यात होता. आणि बापूंचाही आला. कसला हा माणूस? आपलं सगळं आयुष्य, ज्याच्यासाठी सायकल हाणत गावोगाव फिरला ते सगळं, एका पायाच्या बदल्यात टाकून दिलं आणि वर जन्मभर त्या पायाच्या मालकाच्या घरी गपगुमान भाकर खाल्ली. अमेरिकावाल्याला तोंड कसं दाखवू म्हणत राहिला. अरे, तुला तोंड लपवायचं काय कारण होतं?

"मी जाऊन सांगनार हाये," मी म्हटलं. "नारायणकाकाले सांगनार हाये."

"नोको," याडी म्हणाली. "त्यानं झाकलं हाये ते."

गजूनं कशीबशी चावी फिरवली. मग म्हणाला, "सांग. लिहून काढ पाह्यजे तं. माह्यं नाव बदलू नोको."

म्हणून बदललं नाही. बापूंनी याडीला घातलेली शपथ मोडली, याचं ओझं माझ्यावर राहील.

घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी मी गेले. नारायणकाका आता लसूण आणि सुक्या मिरच्या घेऊन बसतात, चौकातल्या वडाखाली. मला बघून त्यांनी आधी मान वळवली. मी पोत्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. ते मिरच्यांची देठं मोडत ऐकत होते. देठं मोडून झाली तरी बोटं तशीच चालत राहिली. मी सांगायचं थांबले. माझी कल्पना होती की ते रडतील, किंवा म्हणतील की मला ठाऊकच होतं, माझा रामधन तसा नव्हता. सबंध रस्ताभर मी ते ऐकत आले होते.

ते म्हणाले, "आमी दोघं एका गावात होतो, सुनी. कितीक बाजार गेले. तो तिकून याचा, आन् मी इकून उठून जाचो. त्याच्या मयतीले मी खांदा नाई देल्ला." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच. "आता हे घेऊन मी कोठी जाऊ?"

समोर एक बाई लसणाचा भाव विचारत उभी होती. तिनं दोनदा विचारलं, मग ती पुढच्या दुकानावर गेली.